डाव्या विंगेतून

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोर रईसचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, पण दुकानाचा पत्ता विचारला तं कोणी धड सांगे नाई. 'लटारूचा प्रॉम्प्टर' म्हटलं का मंग लहान पोरगंही हात धरून नेऊन सोडे. आता आपल्या झाडीपट्टीतलं नाटक कसं चालते ते तुमाले माहीत हाये. धान घरात आलं, दिवाळी झाली, का होळीपर्यंत आज या गावी, उद्या त्या गावी, अन् नाटकही रोज तेच नाई. तालीम कराले वेळ कोणाले? म्हणून डाव्या विंगेत प्रॉम्प्टर वही घेऊन बसते. तो हळूच वाक्य सोडते, नट ते उचलते. लोकांना वाटते सगळं पाठ हाये. पाठ काईच नसते. प्रत्येक वाक्य आधी प्रॉम्प्टरच्या तोंडून निघते.

रईसनं असे नऊ सीझन लटारूले वाक्यं दिली. लटारू शेंडे म्हंजे वैनगंगेकाठच्या ढिवराचं पोरगं, सहावीत शाळा सोडून तलावावर मासे धराले गेलेलं. पण काय माणूस होता सांगू. रईसनं 'मी चाललो' एवढंच सोडलं तं हा पठ्ठ्या लगेच बोलेच नाई. आधी दारापर्यंत जाये, चपलेची माती झाडे, मागं वळून चुलीकडं पाहे, अन् मंग असं काई 'मी चाललो' म्हणे का बायांच्या बाजूनं हुंदके फुटत. वहीत माती नव्हती, चूल नव्हती. ते सगळं त्याचं. पाम्प्लेटवर त्याचं नाव नसलं तं नाटक मंडळाले गावच भेटे नाई, अन् असलं तं लोकं ट्रॅक्टर भरभरून येत. प्रॉम्प्टरचं नाव पाम्प्लेटवर कधीच नसते. रईसले त्याचं काई वाटे नाई, निदान तो तसं म्हणे.

दोन हजार एकची होळी झाली, सीझन संपला, अन् चारपाच दिवसांनी दोघं स्टँडवरच्या कँटीनमंधी चहा पित होते. एक मास्तर आला, म्हणे, "लटारूभाऊ, यंदा लय रडवलं बाप्पा तुमी आमाले. पुढच्या साली काय आनून राह्यले?"

लटारूनं मास्तराकडं पाह्यलं. मंग मान डावीकडं वळवली, रईस बसला होता तिकडं, अन् थांबला. जसा स्टेजवर थांबे तसाच.

रईसले वाटलं मजा करून राह्यला. त्यानं कपाआडून हळूच सोडलं, "पुढच्या साली तुमाले हसवीन, मास्तर."

"पुढच्या साली," लटारू म्हणाला, अन् मधात असा एक श्वास घेतला, "तुमाले हसवीन, मास्तर."

मास्तर खूश होऊन गेला. रईस इतका हसला का चहा सांडला त्याच्या पायजाम्यावर. लटारू हसला नाई. हे रईसले मागून आठवलं, तेव्हा दिसलंच नाई.

मंग हा खेळच झाला. चिमूरले सत्कार होता, तिथी लटारूचं भाषण रईसनं मागं उभं राहून जाग्यावर रचलं, एकेक वाक्य. लोकं उठून उभे राह्यले. अन् खरं सांगाचं तं रईसले त्याची गोडी लागली. नऊ वर्षं त्यानं दुसऱ्याच्या वहीतलं वाचलं होतं, आता त्याच्या मनचं वाक्य एवढ्या मोठ्या आवाजात निघून राह्यलं होतं. घरी त्याची बायको रुखसार म्हणे, "तुमी आजकल अकेले-अकेले बडबड करते." तो पुढच्या वेळेसाठी वाक्यं जमवून ठेवे. लटारूच्या घरी बसला असला तं तिथीही देई. मजाकच तं होती.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी लटारूची बायको साधना दुकानात आली. दुपारची वेळ, रईस डोळ्याले भिंग लावून बसला होता. ती बाकावर बसली नाई.

"भाऊ, तुमी त्याले काय शिकवून राह्यले?"

"मी? मी काय शिकवीन व बाई."

"मांगच्या हप्त्यात तुमी घरी आलते, तवा थो मले म्हनला, 'साधना, तुझ्याचमुळे मी उभा आहो.' अकरा वर्सं झाली लगनाले भाऊ, त्यानं मले नावानं हाक नाई मारली कधी. 'अव' म्हनते. थे वाक्य तुमचं होतं ना?"

रईसनं भिंग काढलं.

"तुमी उठून गेले, तवापासून तोंड उघडलं नाई त्यानं. जेवत नाई. रातभर डोये उघडे. अन् काल सकाडी..." ती पदर तोंडाशी धरून उभी राह्यली, मंग सांगून टाकलं. "नऊ वाजता तलावात गेला. फेकजालं काठावर ठेवून. गळ्यापरेंत पान्यात उभा होता, भाऊ, अन् पुढं-पुढं जाऊन राह्यला होता. गावचा पत्रू म्हशी घेऊन आला म्हनून वाचला. त्यानं वढून आनला."

ढिवर माणूस जाळं काठावर ठेवून पाण्यात जात नाई. एवढं रईसलेही समजे.

तो साधनासंगच लटारूच्या गावी गेला. तिथी मंडळाचा मालक दादाजी आधीच येऊन बसला होता, खाटेवर, बुकिंगची डायरी घेऊन. म्हणे, "थकला हाये. दोन दिवस झोपू द्या. दिवाळीपासून तारखा दिल्या हायेत, सिरोंच्याकडच्या लोकायनं तं याच्या नावावर मंडप ठरवला." शेजारच्या अंजनाबाई म्हणत होत्या नजर लागली, आरमोरीकडं कोणी उतारा करणारा हाये. लटारू भिंतीले टेकून बसला होता. दाढी वाढलेली. रईस आला तसं त्यानं मान उचलली अन् त्याच्या तोंडाकडं पाहत राह्यला. आता काय बोलाचं ते सांग, असं पाहत.

रईसले वाटे आपण याची मजा करून राह्यलो, अन् हा तं खरंच आपल्या आवाजाले धरून चालला होता.

"दादाजी," रईस म्हणाला, "तारखा कापा. उद्या याले चंद्रपूरले नेतो. डोक्याच्या डाक्टरकडं."

"डोक्याच्या? पागल म्हनतीन लोकं त्याले. मार्केट बसन."

"बसू द्या."

सकाळची पहिली बस. लटारू खिडकीशी, मधात साधना, कडेले रईस. सिंदेवाहीचं स्टँड गेलं, मूलचं गेलं, दोन्हीकडं जंगल, अन् रईस आपला वाक्य जुळवून राह्यला. डाक्टर विचारन, मंग लटारू माझ्याकडं पाहन, तवा चांगलं, नीट सांगणारं वाक्य पाह्यजे. 'डाक्टरसाहेब, सात महिन्यांपासून माझं मन माझ्या ताब्यात नाही.' हे त्यानं तीनदा घोकलं. चांगलं वाटलं. लटारूच्या तोंडी शोभन असंच होतं.

दवाखान्यात बाकावर दहाबारा लोकं. एकानं ओळखलंच. मफलर गुंडाळलेला म्हातारा, गालात हसत सरकला जवळ. "लटारूभाऊ ना? आमच्या गावी आलते तुमी. एक डायलॉग होऊन जाऊ द्या ना भाऊ, बसल्या-बसल्या."

लटारूची मान वळली. डावीकडं. अन् रईसच्या ओठावर वाक्य आलंही होतं, सवयच ती, पण साधनानं त्याच्याकडं असं पाह्यलं का त्यानं ते गिळलं. म्हातारा खोकत दुसरीकडं पाहाले लागला.

आत डाक्टर तरुण होता, त्याले नाटकाचं काई माहीत नव्हतं. त्यानं नाव विचारलं, ते साधनानं सांगितलं. मंग पेन खाली ठेवून लटारूले म्हणाला, "काय त्रास होतो?"

लटारूनं रईसकडं पाह्यलं.

आता प्रॉम्प्टरची एक गोष्ट हाये. नट अडकला अन् दोन श्वास गेले तं प्रॉम्प्टरचा जीव वर येते. तीन श्वास गेले तं लोकं चुळबुळ करतात. नऊ वर्षांत रईसनं तिसरा श्वास कधी जाऊ दिला नव्हता. अन् तिथी तं भिंतीवर घड्याळ होतं, त्याचा सेकंदकाटा जरा अडखळून चाले, रईसले ते ऐकू येऊन राह्यलं. दहा गेले. वीस. लटारू पाहतच होता, डोळ्यात पाणी नाई, राग नाई, नुसता थांबलेला.

साधना म्हणाली, "भाऊ सांगतीन, डाक्टरसायब."

"नाई," रईस म्हणाला. "मी नाई सांगत."

त्यानं नजर खाली केली, आपल्या चपलेकडं, अन् दात दाबून बसून राह्यला. एवढं कठीण काम त्यानं आयुष्यात केलं नसन. डाक्टरही थांबला. भला माणूस, थांबला.

मंग आवाज आला. रईसले आधी वाटलं दाराबाहेर कोणी बोललं. बारीक, घोगरा, नदीकाठच्या पोराचा आवाज, स्टेजवर कधीच न ऐकलेला.

"मले... आतून काई आयकू येत नाई."

डाक्टर म्हणाला, "म्हणजे कसं?"

"पयले यायचं. माती... ते कराचं, हे कराचं, असं. आता येत नाई. मी बोलतो तं दुसराच कोनी बोलते. लोकं रडतात. मी पाहतो त्यायले. मले काई होत नाई." त्यानं थुंकी गिळली. "पानी खोल होतं. तिथी बरं वाटे."

साधनानं त्याचा हात धरला, तो त्यानं सोडवला नाई.

"किती दिवस झाले असं होऊन?"

रईसच्या मनात उत्तर तयार होतं. सात महिने.

"दोन वर्सं," लटारू म्हणाला.

दोन वर्षं म्हंजे दोन सीझन. रोज चार हातावर बसून, रोज त्याचा श्वास मोजून वाक्य सोडणारा माणूस, अन् त्याले पत्ता नाई. 'मी चाललो' म्हणतानीची माती झाडणं मांगच्या सीझनले बंद झालं होतं, रईसले ते आता दिसलं. त्याले वाटलं होतं लटारू घाई करून राह्यला.

तो उठला. लटारूनं पाह्यलं त्याच्याकडं, घाबरून. रईस म्हणाला, "मी भाईर बसतो. तू बोल. चुकलं तं चुकलं."

दार लोटून तो बाकावर येऊन बसला. आतून तो बारीक आवाज येऊन राह्यला होता, थांबे, अन् पुन्हा निघे. शब्द ऐकू येत नव्हते, अन् रईसनं कानही दिला नाई. मफलरवाला म्हातारा सरकून जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "काय झालं जी भाऊले?"

"बिमार हाये," रईस म्हणाला. "दोन वर्सांपासून."