मिटलेल्या गेटवरचा उंचवटा

धाकट्या जावेला कंपनीत थोरलीनंच आणलं होतं, आणि हीच गोष्ट तिला सगळ्यात जास्त सलत होती. लग्न होऊन आलेली धाकटी वर्षभर घरी बसून कंटाळली, तेव्हा थोरली आपल्या कंपनीच्या साहेबांना म्हणाली होती, "पोरगी हुशार आहे, घेऊन तर बघा." साहेबांनी घेतली. आणि दीड वर्षात थोरलीवर स्वतःच्याच जिभेला बोल लावायची पाळी आली.

कंपनी लहान, चाळीसेक माणसांची. आजारी माणसाला झोळीत घालून पलंगावरून खुर्चीत नेणारी यंत्रं तिथं बनत. यंत्राची मोटर चालते ट्रान्झिस्टरच्या जोड्यांवर, आणि प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या गेटला 'उघड', 'मीट' असा हुकूम देणारं सर्किट म्हणजे गेट ड्रायव्हर. बारा वर्षं हे सर्किट थोरलीच्या हातचं होतं. वहीएवढा बोर्ड, रुंद तांब्याच्या पट्ट्या, सगळं ऐसपैस. दिसायला ओबडधोबड, पण आजवर एकही बोर्ड जळून परत आला नव्हता.

नव्या मॉडेलचा बोर्ड साहेबांनी धाकटीला दिला. तिनं तो पोस्टकार्डाएवढा करून दाखवला. साहेब तो तळहातावर घेऊन कंपनीभर फिरले आणि थोरलीच्या टेबलापाशीही थांबले. "बघा मॅडम, याला म्हणतात डोकं!" थोरली हसली. खोटं हसताना गाल दुखतात, हे तिला त्या दिवशी कळलं.

घरीही तेच. जेवताना सासूबाई म्हणाल्या, "धाकटीनं म्हणे सगळं निम्म्यात बसवलं. मग इतकी वर्षं कुणाला कसं नाही सुचलं गं?" म्हातारीच्या मनात काही नव्हतं, पण थोरलीचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. "अगं, तिला शिकवलंस तूच ना," नवरा म्हणाला. ही समजूत होती की डागणी, तिला ठरवता येईना.

एरवी काहीही अडलं की धाकटी "ताई, जरा बघता का?" म्हणत खुर्ची ओढून शेजारी बसायची. या बोर्डाच्या वेळी मात्र एकदाही आली नाही. तेही तिला फार झोंबलं.

पण बोर्ड पास करायची सही अजून थोरलीचीच लागे. एका मंगळवारी तिनं तो तापवायच्या पेटीत साठ अंशांवर ठेवला आणि विजेचा चढउतार पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचा प्रोब जोडीतल्या खालच्या ट्रान्झिस्टरच्या गेटला लावला. जोडीतला वरचा उघडला की खालचा मिटलेलाच हवा. दोघं एकदम उघडले तर वीज मोटरकडे न जाता वरून सरळ खाली कोसळते आणि दोघांचाही कोळसा होतो. पडद्यावर दिसलं, की वरचा उघडतो त्या क्षणी मिटलेल्या गेटवर एक उंचवटा उठतोय. दीड व्होल्ट. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं, तर एक पूर्णांक सात. दोनच्या आसपास खालचा ट्रान्झिस्टर आपोआप उघडलाच असता.

कारण तिला पाहताक्षणीच कळलं. जागा वाचवायला धाकटीनं ड्रायव्हर गेटापासून लांब, कोपऱ्यात नेला होता, आणि उघडायला नि मिटायला विजेचा ओघ आवरणारा एकच रेझिस्टर ठेवला होता. मिटलेलं गेट घट्ट दाबून धरायला जोरच उरला नव्हता. सगळं मिळून पाच मिनिटांचं बोलणं. पण नियमाच्या कागदावर 'एक पूर्णांक आठच्या आत' असं होतं. तो कागदही तिनंच लिहिला होता, स्वतःच्या दणकट बोर्डांच्या भरवशावर.

'नियमात आहे,' ती मनाशी म्हणाली आणि पडद्यावरचं चित्र न जपता स्कोप बंद केला.

"काही दिसलं का, ताई?" शेजारच्या टेबलावरून धाकटीनं विचारलं.

"काही नाही गं. पास आहे." आणि तिनं सही ठोकली.

पहिलं यंत्र एका रुग्णालयात बसलं. ते चालवून दाखवायला साहेब आणि दोघी जावा गेल्या. झोळीत बसायला मणक्याचं ऑपरेशन झालेला एक बसचालक तयार झाला. शंभर किलोंचा आणि बोलका. सकाळपासून पाच वेळा त्याला उचललं, उतरवलं, सगळं लोण्यासारखं. दुपारपर्यंत खिडकीतून ऊन थेट यंत्रावर आलं होतं, झाकणाला हात लावला तर चटका बसत होता. सहाव्यांदा तो पलंगापासून हातभर वर गेला आणि फट्कन आवाज झाला. पाठोपाठ जळका वास. झोळी तिथंच थांबली.

"माझी बस कधी अशी मधेच बंद पडली नाही हो," तो हसत म्हणाला, पण पट्टे धरलेल्या त्याच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. नर्सनं दांडा लावून, हातानं फिरवत, त्याला इंचाइंचानं खाली घेतलं. चार मिनिटं लागली. इजा झाली नाही.

पहिल्या क्षणी थोरलीला जे वाटलं, ते तिनं पुढं कुणालाच सांगितलं नाही. बरं वाटलं होतं तिला. पोटात थंडावा पसरावा तसं. मग तिची नजर त्याच्या लोंबकळणाऱ्या पायांवर गेली. ते थरथरत होते, आणि त्याला ते थांबवता येत नव्हते.

व्हरांड्यात साहेबांनी धाकटीला फैलावर घेतलं. "पोस्टकार्ड! आता काय, पत्ता लिहून पोस्टात टाकू ते?" ती मान खाली घालून उभी होती. साहेब थोरलीकडे वळले. "मॅडम, उद्यापासून हे तुम्ही घ्या. जुनं ते सोनं."

हे ऐकायला ती किती दिवस आसुसली होती!

"साहेब," ती म्हणाली, "मला हे आधीच दिसलं होतं. तापल्यावर गेट उठत होतं. मी बोलले नाही."

"का?"

उत्तर धाकटीनं दिलं. "मी तोंडघशी पडायला हवं होतं त्यांना." मग तिचा आवाज चिरकला. "मी विचारलं होतं तुम्हाला. तिथंच बसून विचारलं होतं!"

"बोर्ड करताना तर एकदाही नाही विचारलंस!" थोरलीच्या तोंडून निघून गेलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

"नाही विचारलं. घरात, कंपनीत, जिथं तिथं मी म्हणजे 'थोरलीनं चिकटवलेली'. तुमच्याकडे बघून जीव जळायचा माझा. एक तरी गोष्ट माझी एकटीची हवी होती."

आपला हेवा कुणी करत असेल, हे थोरलीच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

साहेबांनी सहीचा अधिकार थोरलीकडून काढून घेतला आणि बोर्ड धाकटीकडेच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीनं जळका बोर्ड थोरलीच्या टेबलावर आपटला. "कुठं कुठं चुकलंय ते दाखवा. बाकीचं नंतर बघू."

थोरलीनं दाखवलं. ड्रायव्हर गेटाला खेटून आणला. मिटण्यासाठी लहान रेझिस्टरची वेगळी वाट दिली. मिटलेलं गेट शून्याच्याही जरा खाली ओढून धरलं. बोर्ड दोन बोटं वाढला. ऐंशी अंशांवरही उंचवटा अर्ध्या व्होल्टच्या वर जाईना. नियमाचा कागद थोरलीनं फाडून नव्यानं लिहिला. तीन आठवडे दोघी कामापुरतंच बोलल्या.

"काय गं, मौनव्रत आहे का?" सासूबाईंनी ताटावर विचारलंच. थोरलीला वाटलं, आता ही सगळं सांगणार.

"काम फार आहे, आई," धाकटी म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

तिनं घरात अवाक्षर काढलं नाही, त्या दिवशी नाही नि नंतरही नाही. शेवटी नवऱ्याला थोरलीनं स्वतःच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मोठ्या मनाची आहे पोरगी."

थोरलीच्या छातीत पुन्हा ती जुनी कळ उठली. याही बाबतीत हीच वरचढ! तिनं कूस बदलली, आणि थोड्या वेळानं तिचं तिलाच हसू आलं.