यादीतलं बारावं नाव

बाराव्या नावापुढे ताईंनी आज्ञा लिहिली, अक्षर न् अक्षर यादीशी ताडून पाहिलं आणि बटण दाबलं. सकाळपासून अकरा नावं निमूटपणे गेली होती. टक्के चढत चढत शंभरावर पोचायचे, 'झालं' असं उमटायचं आणि त्या यादीवर पेन्सिलीने रेघ ओढायच्या. हे बारावं मात्र अडून बसलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली : ही इमेज कुणीतरी उघडलेली आहे, काढता येणार नाही.

रुग्णालयाच्या तळघरातल्या या खोलीत त्यांची चौदा वर्षं गेली होती. साऱ्या इमारतीची माहिती इथल्या बावीस यंत्रांवर विखरून ठेवलेली असे. ज्या विभागाला जागा हवी, त्याला त्या त्यातून एक कोरी डिस्क कापून द्यायच्या. तिलाच इमेज म्हणत. वापरणाऱ्याला ती एकसंध वाटे, पण तिचे तुकडे बावीस ठिकाणी पसरलेले असत. त्या तुकड्यांचा हिशेब ठेवणाऱ्या म्हणून सगळे त्यांना कोठीवाल्या ताई म्हणत, आणि त्यांनाही ते नाव आवडे.

आदल्या दिवशी या यंत्रांमधल्या तीन डिस्क पाठोपाठ बिघडल्या आणि कोठी एक्याण्णव टक्के भरली. पंच्याण्णवला पोचली की नवं काही लिहिलंच जाणार नव्हतं, ना एक्स-रे, ना रक्ताचे अहवाल. साहेबांनी बंद पडलेल्या प्रकल्पांची यादी आधीच करून खाली सही ठोकली होती. एरवी ताई काहीही काढताना आधी कचरापेटीत टाकायच्या, म्हणजे महिनाभर परत आणता येई. पण कचरापेटीत टाकून जागा मोकळी होत नाही. आज सगळं कायमचंच पुसायचं होतं.

त्यांनी साहेबांना फोन लावला.

"कुणीतरी मशीन चालू ठेवून गेलं असेल," साहेब म्हणाले. "जोडणी तोडा आणि काढून टाका. त्यात विचारायचं काय?"

"बघून येते एकदा."

"ताई, इथे जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही बघून काय येताय?"

"दहा मिनिटं, साहेब."

जोडणी तोडायला एक ओळ पुरली असती. ती ओळ ताईंनी लिहिलीही. मग हात मागे घेतला, इमेज उघडलेल्या मशीनचा समोर दिसणारा पत्ता कागदाच्या कपट्यावर उतरवला आणि त्या जिना चढल्या.

पत्ता जुन्या इमारतीतला निघाला, पाठीमागच्या बाजूचा. दारावरची पाटी काढून नेलेली होती, फक्त खिळ्यांची चार भोकं उरली होती. आत टेबलाशी पांढरा कोट घातलेल्या एक बाई बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर सत्तरीचे एक गृहस्थ. त्यांच्या गळ्याशी पांढरी पट्टी होती आणि दोन्ही हात कीबोर्डवर होते.

"या ना, बसा," आवाज आला.

भरदार, ठसठशीत आवाज. ताईंनी बाईंकडे पाहिलं, मग गृहस्थांकडे. त्यांचे ओठ हललेच नव्हते. आवाज टेबलावरच्या स्पीकरमधून आला होता.

"काकांचाच आहे तो," बाई म्हणाल्या. "स्वरयंत्र काढायच्या आधी सोळाशे वाक्यं बोलवून घेतली होती त्यांच्याकडून. आता ते टाइप करतात आणि मशीन त्यातले तुकडे जुळवून बोलतं. मी वाचा-उपचार करते. आपण कोण?"

ताईंनी सांगितलं. तळघर, भरलेली कोठी, यादी, सगळंच. सांगताना त्यांना स्वतःचाच आवाज फार मोठा वाटू लागला. बाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"प्रकल्प बंद झाला, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. पाटी नेली, माणसं नेली. पण काका कुठे बंद झाले? दर मंगळवारी येतात. घरच्या मशीनमध्ये अजून सगळं नीट बसत नाहीये, म्हणून मी हे चालू ठेवलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते."

काका टाइप करू लागले. दोन बोटांनी, सावकाश. खोलीत फक्त कळांची टकटक ऐकू येत होती.

"म्हणजे मी बोलत होतो म्हणून वाचलो," स्पीकर म्हणाला. "आणि बायको जन्मभर म्हणत आली, जरा कमी बोला."

वाचा-उपचाराच्या बाई हसल्या. ताईंनाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन तिथेच थबकलं.

"बसस्थानकावर घोषणा करायचो," काका पुढे म्हणाले. मधेच एखादा शब्द किंचित वेगळ्या पट्टीत लागे, जणू दुसऱ्या दिवशी बोललेला. "एकतीस वर्षं. लोकांना वाटायचं, टेप लावलीय. आता खरंच टेप झालो."

"दर मंगळवारी याच वेळेला येता?" ताईंनी विचारलं.

"अकरा ते बारा," बाईंनीच उत्तर दिलं. "एरवी मी मशीन बंद करून ठेवते."

ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला दहा कमी होते.

"काढू नका एवढ्यात," बाई हळूच म्हणाल्या.

"नाही काढणार," ताई म्हणाल्या आणि उठल्या. दाराशी पोचेपर्यंत मागून पुन्हा टकटक सुरू झाली होती, पण काका काय म्हणाले ते ऐकायला त्या थांबल्या नाहीत.

तळघरात आल्यावर त्यांनी लिहून ठेवलेली ती ओळ आधी खोडली. मग बाराव्या इमेजला वेगळा प्रश्न विचारला : कागदावर किती आणि खरोखर किती? उत्तर आलं. यादीत तिच्यापुढे दोन हजार जीबी लिहिले होते, ते होतं विभागाने सुरुवातीला मागितलेलं माप. प्रत्यक्षात भरलेले होते चौदा. एका माणसाच्या सोळाशे वाक्यांची ती जागा तशी रिकामीच होती. पुसून कोठीत सूतभरही फरक पडला नसता.

 मग त्यांनी कोठीचा आकडा पाहिला. सकाळी एक्याण्णव होता. अकरा नावं पुसून झाल्यावरही नव्वद.

म्हणजे ती अकराही तशीच होती. कागदावर अगडबंब, आत थोडं थोडं. हाच प्रश्न सकाळी विचारायला अर्धं मिनिट पुरलं असतं. त्यांना तो ठाऊक नव्हता असंही नाही. पण यादी साहेबांची होती, सही साहेबांची होती, आणि त्या फक्त रेघा ओढत होत्या.

मग जागा खाल्ली कुणी? तेही त्यांना ठाऊक होतं. एक्स-रेच्या मोठ्या इमेजचे त्या रोज एक स्नॅपशॉट घेत, म्हणजे त्या दिवशी ती जशी होती तशीच धरून ठेवत. नियम तीस दिवसांचा होता. त्यांनी दोन वर्षांचे साठवले होते. पूर्वी एकदा काही हरवलं होतं आणि सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली होती. तेव्हापासून जुना दिवस सोडून द्यायला त्यांचं मन धजत नसे.

त्यांनी सगळ्यात जुन्या स्नॅपशॉटपासून सुरुवात केली. एकेक करत नियमाबाहेरचे सगळे काढले. आकडा आधी हललाच नाही. मग नव्वदचा एकोणनव्वद झाला, थोड्या वेळाने शहाऐंशी. जेवणाची सुट्टी संपायच्या सुमारास तो एकोणऐंशीवर आला.

साहेब खाली आले तेव्हा तोच आकडा पडद्यावर होता. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर थाप मारली.

"बघा! म्हटलं नव्हतं? यादी लावली की झालं."

"यादीने नाही झालं, साहेब," ताई म्हणाल्या. "माझ्या जुन्या स्नॅपशॉटनी जागा अडवली होती. चूक माझी आहे. बारावं मी काढलेलं नाही, त्याला माणूस आहे."

"बरं, राहू दे मग. काम झालं ना?"

"त्या अकरांबद्दल आपण कुणाला विचारलं होतं?"

"महिनाभर सूचना लावली होती. त्या त्या विभागांना पत्रं गेली. कुणाचा चकार शब्द आला नाही."

"विभाग बंद झालेत त्यातले बरेच."

"मग?" साहेब म्हणाले. मग घड्याळ पाहून ते मवाळपणे पुढे म्हणाले, "ताई, कुणाला हवं असतं तर कुणी तरी उघडून बसलं असतं की नाही?"

ते गेले. ताईंनी यादी हातात घेतली. पेन्सिलीच्या रेघांखालची नावं अजून वाचता येत होती. पहिल्या नावापुढे विभाग लिहिला होता आणि खोली क्रमांक. त्यांनी यादीची घडी घातली, दिवा तसाच चालू ठेवला आणि वर निघाल्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत आता चादरींचे गठ्ठे रचलेले होते. शेजारच्या टेबलाशी बसलेल्या बाईंनी वर पाहिलं. वयस्क होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला.

"इथे आधी जे होते," ताईंनी विचारलं, "त्यांच्यापैकी कुणी आहे का आता?"

"मी आहे ना. आता चादरी मोजते," बाई म्हणाल्या. "काय काम होतं?"

 ताई आत आल्या आणि न सांगताच समोरच्या स्टुलावर बसल्या.

"सकाळी मी तुमचं काहीतरी पुसलं," त्या म्हणाल्या. "आता परत येणार नाही ते. काय होतं, तेवढं विचारायला आलेय."