सांडव्यावरच्या गोण्या

दुपारचे दोन वाजले तरी दोरीवरचं लुगडं वाळलं नव्हतं. सत्यशीलाबाईंनी ते बोटांनी चाचपलं आणि त्या पडवीतल्या दोन तापमापकांपाशी गेल्या. निवृत्त होताना शाळेतून आणलेलं हे पोरांनी बनवलेलं साधन. एका तापमापकाच्या बुडाला ओली वात, दुसरा कोरडा. हवा कोरडी असली की वातीतलं पाणी भराभर उडतं आणि ओला तापमापक खाली उतरतो. पाथर्डीच्या या भागात ऐन सप्टेंबरातही दोघांत चार-पाच अंशांचं अंतर असायचं. आज अर्ध्याचंही नव्हतं. हवेत आणखी पाणी मावायला जागाच उरली नव्हती.

आणि वारा उगवतीकडून येत होता.

बाईंनी चपला घातल्या आणि तलावाची वाट धरली.

खडकदऱ्याचा पाझर तलाव गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत. मातीच्या बांधाखाली ऊसतोडीला जाणाऱ्यांची नऊ घरं. तलाव भरला की जादा पाणी बाजूच्या सांडव्यावरून निघून जायचं. ते डोळ्यांदेखत जाणारं पाणी कुणालाच बघवत नसे. म्हणून मे महिन्यात वस्तीवरच्या कारभारीनं, बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यानं, पोरं जमवली, गोण्यांत माती-सिमेंट भरलं आणि सांडव्यावर तीन फूट उंच थर रचला. पाणी चैतापर्यंत टिकलं तर निम्मी वस्ती कोयता घेऊन बाहेर जाणार नाही, हा हिशेब. गोण्यांची तोंडं शिवायला बाईही बसल्या होत्या.

बांधावर कारभारी मोबाईलवर तलावाचं चित्रण करत होता. पाणी गोण्यांच्या वरच्या काठाला वीतभर कमी.

“या बाई! आपला समुद्र बघा.”

“कारभारी, गोण्या काढायला घे.”

तो हसला. “चौथीत पाढा चुकला की उठाबशा काढायला लावायच्या तुमी. आता ह्या वयात गोण्या?”

“चेष्टा नाही करत मी.”

“अवो, पाऊस पडतो तिकडं राजूरला. आपल्याला नुसता वारा. तुमीच शिकवलंय न्हवं?”

“शिकवलं होतं. अरबी समुद्राचा वारा पाणी घेऊन येतो, राजूरकडचा घाट चढताना ते सांडतो आणि आपल्याकडे रिकामा होऊन उतरतो. पण आज तुझ्या विडीचा धूर कुठं चाललाय ते बघ.”

कारभारीनं बघितलं. “मावळतीकडं.”

“कमी दाबाचं क्षेत्र मराठवाड्याच्या खालच्या अंगाला येऊन बसलंय. त्याच्याभोवती वारा घड्याळाच्या उलटा फिरतो, म्हणून आपल्याकडे तो पूर्वेकडून येतोय. बंगालच्या उपसागराचं पाणी जमिनीलगत वाहून आणतोय. त्या वाटेवर असा घाट नाही रे. मोठी आडवी भिंत म्हणजे हा आपला डोंगर. वारा इथं चढणार, गार होणार आणि आणलेलं सगळं इथंच टाकणार. मागून भरलेला वारा येतच राहणार. किती वेळ, ते मला सांगता येत नाही.”

“पन एवढं पानी सोडायचं बाई? खालच्या मान्सांना काय सांगू?”

बाई उत्तर देणार, तोच समोरचा डोंगर दिसेनासा झाला. गडगडाट नाही, वीज नाही. डोंगर होता तिथं शिसवी रंगाचा पडदा होता आणि तो खाली उतरत होता.

कारभारीनं विडी टाकली आणि फोनवरून चौघांना पहारी घेऊन बोलावलं. पहिला घाव पडला तेव्हा ठिणगी उडाली. चार महिन्यांत गोण्यांचा दगड झाला होता.

बाई थांबल्या नाहीत, बांध उतरून वस्तीवर गेल्या. छबूबाई खळ्यातल्या बाजरीच्या कणसांवर ताडपत्री ओढत होती.

“छबू, पोरं घे. सगळ्यांना हाक मार. शाळेत चला.”

“पान्याला भ्यायचं व्हय बाई? सारा जल्म पान्यामागं पळण्यात गेला आमचा. यंदा तेच दारात आलंय.”

“बांध मातीचा आहे. पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं की माती कापत जाईल. सांडवा त्यासाठीच मोकळा ठेवतात. गोण्या शिवताना हे मला सुचायला हवं होतं. मी चुकले, छबू.”

छबूबाईनं बाईंच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. ती ताडपत्री सोडून घराघराकडे ओरडत पळाली.

शाळा टेकाडावर होती. शेवटची म्हातारी व्हरांड्यात टेकली तेव्हा पावसाच्या धारा राहिल्या नव्हत्या, सगळं एकसंध कोसळत होतं. साडेचारला कारभारी आणि चौघे पोरगे आले. कारभारीचे तळहात सोलले होते.

“चारच निघाल्या,” तो म्हणाला.

व्हरांड्यातून पावसाच्या आडूनही दिसलं, बांधाच्या मध्यावरून गढूळ पाण्याची एक तांबडी जीभ लोंबली. ती रुंद झाली. मग बांध मधोमध बसला आणि वस्ती एका बाजूनं पुसली गेली. छबूबाईनं पोरीचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं.

मग तीच म्हणाली, “आज बुधवार हाय.”

सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. तलावाचं पाणी जातं त्या नदीवर, आठ किलोमीटर खाली निमगव्हाण. तिथला बुधवारचा बाजार नदीच्या पात्रात भरायचा, कारण त्या पात्राला पाणी असं नसायचंच.

कारभारीनं तिथं बाजारात बसणाऱ्या गोरक्षला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला.

“काय कारभारी, तुमच्याकडं आभाळ काळं दिसतंय? हितं टिपूस न्हाई बघ. बाजारात गर्दी मातूर लई.”

बाईंनी फोन घेतला.

“गोरक्ष, मी सत्यशीलाबाई. तुझ्याकडे पाऊस येणार नाही, पाणी येणार आहे. आमचा तलाव फुटला. बाजार उठव.”

“बाई, आत्ता तर कुठं मान्सं—”

“माल राहू दे, माणसं वर काढ. आधी पोरं.”

पलीकडे बाजाराचा गलबला होता. कुणी मेथीची जुडी दहाला सांगत होतं, कुणी घासाघीस करत होतं. मग गोरक्ष जिवाच्या आकांतानं ओरडला. मेथीवालीचा आवाज तरी चालूच होता.

बाई फोन कानाशी घट्ट धरून उभ्या राहिल्या, तो आवाज थांबण्याची वाट बघत.