खुशालचा फोन

चिचगडच्या चौकात योगराजचं ऑनलाइन सेंटर होतं. सातबारा असो की जातीचा दाखला, सारं गाव त्याच्याकडेच यायचं. दीड वर्षापूर्वी गोंदियाचा एजंट कैलाश त्याला म्हणाला, थायलंडच्या हॉटेलात पोरं पाहिजेत, तू फक्त नावं आणि कागद जमव. योगराजनं पाच नावं दिली. पहिलं खुशालचं. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की दंडारीच्या नाचगाण्यात माईक धरणारा खुशाल. त्यानं नुसतं 'मंडळी' म्हटलं की लोक हसायचे.

पोचल्याचा एक मेसेज आला, मग पाचही फोन बंद. कैलाशही गायब. पोलिसांनी विचारलं तेव्हा योगराज म्हणाला, "मी त झेरॉक्स काढून देली साहेब. बाकी मले मालूम नाही."

त्यांनी लिहून घेतलं आणि सोडलं. खुशालची आई धुरपताबाई मात्र रोज येऊन बाकड्यावर बसायची. भांडायची नाही. गिऱ्हाईक सरलं की विचारायची, "फोन लागला का रे बाबू?"

"नाही लागून राहिला, काकी."

"बरं."

ते 'बरं' योगराजच्या घासात यायचं, झोपेत यायचं.

एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "नमस्कार सर, आपके लिए निवेश की बढ़िया योजना है..."

योगराज फोन कट करणार होता, तो थांबला. हिंदी पाठ केलेली होती, पण आवाज मंडईतला.

"खुशाल?"

पलीकडे श्वास अडकला. मागून कुणीतरी परक्या भाषेत खेकसलं. आवाज पुन्हा सुरू झाला, सपाट. "सर, बस आधार नंबर बताइए."

"मी योगराज बोलून राहिलो. कुठं आहेस बावा?"

"ऑफर सिर्फ आज तक है सर," आणि त्याच सुरात, न थांबता, "मायले सांगू नको." फोन कटला.

धुरपताबाई समोरच बसली होती. "कोणाचा होता रे?"

"कंपनीचा."

यादीतला पुढचा नंबर म्हणून लागला, की खुशालनं मुद्दाम लावला, हे योगराजला कधीच कळलं नाही. चार दिवस तो प्रत्येक अनोळखी फोन उचलून श्वास रोखून ऐकत राहिला. पाचव्या दिवशी ठाण्यात गेला. तो नंबर, कैलाशचे मेसेज, स्वतः घेतलेलं कमिशन, सगळं सांगितलं.

ठाणेदारानं पेन खाली ठेवला. "परवान्याशिवाय माणसं परदेशी पाठवणं हाच गुन्हा आहे. फसवणूक वेगळी. कैलाशसोबत तूही आरोपी होशील. वकिलाला विचारलंस का?"

"नाही साहेब. लिहा."

त्या मेसेजांवरून कैलाश सापडला आणि त्याच्याकडून म्यानमारच्या सीमेवरचं, पोरांना कोंडून फसवणुकीचे फोन करायला लावणारं एक कुंपणातलं ठिकाण कळलं. चार पोरं परत आली. खुशाल आला नाही. फोनवर आपल्या बोलीत बोलला म्हणून त्याला मारहाण केली आणि दुसरीकडं विकलं, असं त्यांनी सांगितलं.

अटकेनंतर अडीच महिन्यांनी जामीन मिळाला तसा योगराज धुरपताबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिला. त्या दुपारचं सगळं त्यानं तिला सांगितलं.

"मी समोर होती," ती म्हणाली. "काऊन नाही देला माह्याजवळ फोन?"

ती ओट्यावर टेकली. "काय काय बोलला ते सांग. एक शब्द सोडू नको."

योगराज सांगू लागला. नमस्कार सर. निवेश की बढ़िया योजना. ती डोळे मिटून ऐकत होती.