दाराखालचा उजेड

ज्योत आत वाकली — म्हणजे इथेही फट. तिने मेणबत्ती खिडकीच्या चौकटीवरून हळूहळू सरकवली; ज्योत जिथे थरथरली तिथे स्पंजची चिकटपट्टी अंगठ्याने दाबून बसवली. सकाळपासून हेच चाललं होतं. पडद्यांना जुन्या चादरींचं अस्तर लावून झालं, गरम पाण्याच्या नळीला फाटक्या स्वेटरच्या बाह्या चढवून झाल्या... घराला कानटोपीच घातली म्हणायची, तिला हसू आलं.

"आई, दिवसभर हीटर जाळून काय होणार? आधी फटी बुजव," लेक फोनवर म्हणाली होती. "बाळाची छाती लगेच भरते गं. घर उबदार झालं, की महिनाभर राहायला येते." महिनाभर — तो शब्द ती तेव्हापासून तोंडात घोळवत होती.

राहिलं होतं पुढचं दार. नवऱ्याने स्वतः केलेलं. सुतार माणूस, गावभर दारं बसवत हिंडणारा, आणि स्वतःच्या दाराला रंधा मारला तो भर पावसाळ्यात, लाकूड फुगलेलं असताना! थंडीत दार आकसलं आणि खाली बोटभर फट उरली. "लोकांची दारं झकास, आमच्या दाराखालून मांजर जाईल," ती चिडवायची. "उद्या पट्टी ठोकतो," तो म्हणायचा. तो उद्या काही उजाडला नाही... आणि बरंच झालं, कारण संध्याकाळी जिन्यातल्या दिव्याचा उजेड त्या फटीतून आत यायचा, त्यात दोन बुटांच्या सावल्या येऊन थांबायच्या, आणि त्याने हात उचलायच्या आत ती दार उघडायची. संसारभर त्याला कधी दार वाजवावं लागलं नाही. तो गेल्यावरही सावल्या यायच्या — वरच्या मजल्यावरच्यांच्या — आणि पुढे निघून जायच्या. पण त्या अर्ध्या क्षणासाठी मी रोज... खुळी कुठली.

ती जमिनीवर बसली. रबरी पट्टी दाराच्या खालच्या कडेला ठोकली, मेणबत्ती धरली. ज्योत सरळ उभी राहिली.

संध्याकाळ झाली. जिन्यातला दिवा लागलाही असेल. आत काहीच कळत नव्हतं. किती दिवसांनी पाय उबदार होते, आणि त्याची इतकी आठवण येत होती, की ती खुर्ची ओढून दारासमोरच बसली. आता जो येईल त्याला दार वाजवावं लागेल. लेकीलासुद्धा... कुणालाही. तिने रेडिओ बंद केला आणि संसारात पहिल्यांदाच दारावरच्या टकटकीसाठी कान लावून बसली.