शेवटच्या पिंडाचं नाव

“फोन बाजूला ठेवा, यजमान. ओल्या हातानं नको,” दिनानाथ गुरुजी म्हणाले.

काशीच्या अमृतराव घाटावर बायकोच्या श्राद्धाला बसलेला पाहुणा हसला. “सवय हो! तीस वर्षं जहाजाचा कॅप्टन होतो. भर समुद्रातसुद्धा सॅटेलाइट फोन. जगात कुठूनही लागायचा.”

“सगळ्यांना?”

“छे! फोनच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात. नाहीतर खलाशी पोरं दिवसभर घरीच बोलत बसायची.”

गुरुजींनी संकल्पासाठी नाव विचारलं.

“श्रीनिवास तळपदे.”

दर्भ गुरुजींच्या बोटांतच राहिला. चार वर्षांपूर्वी तळपदेंच्या जहाजावरचा स्वयंपाकी मुद्दाम काशीला येऊन सांगून गेला होता. त्याच जहाजावरचा खलाशी अनिमेष तीन दिवस पोट धरून तळमळत होता. ‘आईशी एक मिनिट बोलू द्या,’ एवढंच म्हणत त्यानं प्राण सोडला. कॅप्टन तळपदेंनी फोनचं कपाट उघडलं नाही.

मंगला गौरीच्या देवळातल्या कीर्तनात बुवा क्षमेवर बोलू लागले की गुरुजींचे डोळे पाझरत. घरी परतताना मात्र गल्लीभर ते हेच नाव दातांखाली चावत.

आज एक मंत्र गाळला तर? कुणाला कळणार? पण उपाशी राहणार ती कॅप्टनची बायको, इरावतीबाई. त्या माउलीनं काय केलं होतं? गुरुजींनी तिचं सगळं यथासांग केलं.

मग एक पिंड उरला.

“हा धर्मपिंड. तुमच्या हाताखाली राबून गेले, त्यांचा. नावं घ्या.”

“आता कुठली आठवणार, गुरुजी?”

“मी सांगतो. म्हणा, अनिमेष दिनानाथ.”

कॅप्टनचा हात थांबला. “दिनानाथ... म्हणजे तुम्ही?”

“बाप त्याचा. पाणी सोडा. आणि जरा जोरसे म्हणा, आवाज लांब जायचाय.”

“अनिमेष... मला वाटलं, काम टाळतोय, ढोंग करतोय—”

“फक्त नाव!”

तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा कॅप्टनचा आवाज फुटला. नावाडी वळून पाहू लागले.

“माफ करा मला.”

“ते माझ्याच्यानं होणार नाही. दर पितृपक्षात यायचं, जिवंत आहात तोवर. नाव मीच सांगीन.”

कॅप्टननं डोळे पुसले. “येईन. निघण्याआधी फोन करतो.”

“फोन नको. स्वतः या.”

तो पायऱ्या चढून गेला, तोच घरून शरदिनीबाईंचा, अनिमेषच्या आईचा, फोन आला.

“अहो, भात वाढायला घेऊ? किती उशीर! कुणाचं होतं श्राद्ध?... हॅलो? बोला ना!”

गुरुजी गंगेकडे बघत राहिले. पुरतं एक मिनिट त्यांना बोलता आलं नाही, आणि फोनही ठेवता आला नाही.