झोपलेली भिंत

डोन्या यूफ्रासियाच्या हृदयावर नवी रक्तनळी जोडायचं काम संपलं, तेव्हा डॉक्टर उर्रुतिया खुशीत होते. काली शहरात त्यांच्या हाताला तोड नव्हती, आणि हे इतर कुणी सांगण्याची वाट ते बघत नसत.

"विल्मर, यंत्र हळूहळू बंद कर. आता म्हातारीचं हृदय तिचं ती चालवेल."

यंत्र चालवणाऱ्या विल्मरने हृदय-फुप्फुस यंत्राचा प्रवाह कमी केला. उशाशी उभ्या भूलतज्ज्ञ यादिराचे डोळे पडद्यावर होते. अन्ननलिकेतून सोडलेल्या सोनोग्राफीच्या नळीने धडधडणारं हृदय तिच्यासमोर उघडं करून ठेवलं होतं. सगळीकडचा स्नायू आकसत होता, पण समोरची भिंत नुसती लोंबकळत होती.

"डॉक्टर, थांबा. समोरची भिंत हलत नाहीये."

"अगं, इतका वेळ थंड करून थांबवलेलं हृदय आहे. थकलंय बिचारं. औषध वाढव."

"थकलं असतं तर सगळंच थकलं असतं. ही एकच भिंत झोपलीय, आणि तिला रक्त देणारी नळी तुम्ही आत्ताच जोडलीय."

उर्रुतियांनी मान वर केली.

"तू शाळेत होतीस ना, तेव्हापासून मी नळ्या जोडतोय."

"असाल. त्या भिंतीला तुमचं वय कुठे माहीत आहे?"

"विल्मर, मी काय सांगितलं? बंद कर!"

"विल्मर, पूर्ण प्रवाह पुन्हा चालू कर," यादिरा म्हणाली. "यंत्र काढल्यावर रक्त पुन्हा गोठू लागावं म्हणून द्यायचं औषध माझ्या हातात आहे, आणि ते मी देणार नाही. हवं तर मला बाहेर काढा. पण माझ्या जागी येईल त्यालाही हेच दिसणार आहे."

विल्मरने दोघांकडे पाहिलं आणि प्रवाह वाढवला.

उर्रुतियांनी चरफडत नळीवर प्रवाह मोजायचं साधन लावलं. आकडा जेमतेम हलला. त्यांनी हृदय हलकेच उचललं. नळीला मागच्या बाजूने पीळ बसला होता. त्यांनी नळी सोडवून पुन्हा जोडली, तीही सुरेख.

भिंत हलली. आधी आळसावल्यासारखी, मग बऱ्यापैकी. टोकाचा एक तुकडा मात्र मंदच राहिला. डोन्या यूफ्रासिया वाचली, पण जिना चढताना तिला धाप लागणार होती. डॉक्टरांनी आधीच ऐकलं असतं तर, हा विचार यादिराला कितीतरी दिवस छळत राहिला.

तिच्याविरुद्ध तक्रार झाली ती उद्धटपणाची. रुग्णालयाच्या संचालकांनी बोलावून समजावलं, "बाई, वडीलधारा माणूस आहे. माफी माग, विषय संपव."

यादिरा तडक कँटीनमध्ये गेली. भरल्या टेबलांमधून वाट काढत ती उर्रुतियांसमोर उभी राहिली.

"डॉक्टर, सगळ्यांदेखत तुमचं वय काढलं, ते चुकलं. यंत्र चालू ठेवायला लावलं, ते नाही चुकलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावीन."

उर्रुतिया कॉफी ढवळत राहिले.

"ऐकलं," ते म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पुढच्या रोग्याला भूल द्यायला वर गेली.